टाके निघाले, सूज उतरली; मग स्कुबा का नको?

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी आलेली माझी भाची झोक्यावरून उतरली आणि मागून परतणारी फळी थेट तिच्या उजव्या डोळ्याखाली बसली. आमच्याकडचे आखाजीचे झोके ज्याने पाहिलेत त्याला त्या फळीचा वेग सांगायला नको. कडुलिंबाची उंच फांदी, जाड दोर आणि दोन्ही बाजूंनी दोघी उभ्या राहून चढवलेला झोका. पाच टाके पडले, डोळा तीन दिवस उघडला नाही, आणि सीटी स्कॅनमध्ये गालाच्या हाडाला तडा निघाला. हाड जागचं हललेलं नव्हतं, म्हणून ऑपरेशन टळलं.

तीन आठवड्यांनी तिचा फोन आला. जावईबापूंनी मालवणची सहल ठरवली होती, त्यात स्कुबा डायव्हिंगचे, म्हणजे पाठीवर हवेचं सिलिंडर बांधून पाण्याखाली जाण्याचे, पैसेही भरले होते. पावसाळ्यात समुद्रातले हे सगळे खेळ बंद होतात, त्यामुळे आत्ताच जायला हवं, असा हिशेब. मी विचारलं, "चेहऱ्याचं काय?"

"मामा, आते तं बरं शे माले. टाका बी निंघी गयात."

"डॉक्टरांना विचारलंस?"

विचारलं होतं म्हणे. "मालवणला जाऊ का?" असं विचारलं, आणि डॉक्टर म्हणाले, "जा की."

त्यांचं काही चुकलं नाही. मालवणला जाऊ का, या प्रश्नाचं उत्तर तेच आहे. आपल्या खान्देशात तापी आहे, गिरणा आहे, धरणं आहेत, पण समुद्र नाही, आणि इथल्या डॉक्टरांसमोर बसून "मी पाण्याखाली पंचवीस फूट जाऊन श्वास घेणार आहे" असं म्हणणारा पेशंट रोज येत नाही. आपण सांगितलं नाही तर त्यांनी ओळखावं तरी कसं? मी स्वतः डॉक्टर नाही. तीस वर्षं अमळनेर तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवलं, एवढंच. पण डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं हे कळायला नववीचं भौतिकशास्त्र पुरतं, म्हणून हा खटाटोप.

पाठीवरच्या नळकांड्यात ऑक्सिजन नसतो

आधी एक गैरसमज दूर करू. स्कुबाच्या सिलिंडरला सगळे सर्रास ऑक्सिजनची टाकी म्हणतात. हौशी पर्यटकांच्या सिलिंडरमध्ये सहसा साधी हवाच असते, आपण घेतो तीच, फक्त दाबून भरलेली. तोंडात धरायचा जो भाग असतो त्याला रेग्युलेटर म्हणतात. जॅक कुस्तो आणि एमिल गान्यां या दोन फ्रेंच माणसांनी १९४३ मध्ये त्याचं आजच्या धर्तीचं रूप तयार केलं. रेग्युलेटरची करामत अशी की, तुम्ही ज्या खोलीवर असाल तिथल्या पाण्याचा जेवढा दाब, तेवढ्याच दाबाची हवा तो तोंडात देतो. कमी दाबाची दिली असती तर छातीवरच्या पाण्याच्या ओझ्याखाली श्वास ओढताच आला नसता.

म्हणजे पाण्याखाली तुमच्या फुप्फुसात, घशात, नाकाच्या मागच्या भागात जी हवा असते ती जमिनीवरच्यापेक्षा जास्त दाबाची असते. सगळं प्रकरण इथून सुरू होतं.

तोरणमाळचा घाट आणि एक मीटर पाणी

सातपुड्यातल्या तोरणमाळहून खाली उतरताना कानाला दडे बसतात. मग आवंढा गिळायचा, जांभई द्यायची, की 'टक्' करून कान मोकळा. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या वर आहे. तिथे हवा विरळ, खाली दाट. अख्खा घाट उतरून पायथ्याला येईपर्यंत हवेचा दाब साधारण दहा टक्क्यांनी वाढतो. एवढ्याशा बदलाने कान कुरकुरतात.

आता पाणी घ्या. समुद्राच्या पाण्यात दर दहा मीटरला, म्हणजे साधारण तेहतीस फुटांना, जमिनीवरच्या संपूर्ण हवेएवढा दाब वाढतो. दहा मीटर खाली तो दुप्पट, वीस मीटरवर तिप्पट. त्यामुळे तोरणमाळच्या सगळ्या वळणांत मिळून जेवढा फरक पडतो, तेवढा समुद्रात एका मीटरमध्ये पडतो. घाट उतरायला गाडीला बराच वेळ लागतो. पाण्यात तेवढा फरक काही सेकंदांत होतो.

दाब वाढला की हवा आकसते. रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञाने १६६२ मध्ये हा नियम मांडला आणि आपण तो शाळेत पाठ करून विसरलो: दाब दुप्पट, तर आकारमान निम्मं. शरीरातलं पाणी, रक्त, मांस, हाड हे सगळं व्यवहारात दाबलं जात नाही. दाबली जाते ती हवा. म्हणून चेहऱ्याच्या बाबतीत एकच प्रश्न महत्त्वाचा: चेहऱ्यात हवा कुठे कुठे आहे?

कवटीतल्या हवेच्या खोल्या

बऱ्याच ठिकाणी आहे. गालाच्या हाडामागे दोन्ही बाजूंना, कपाळात भुवयांच्या वर, दोन डोळ्यांच्या मध्ये, आणि नाकाच्या पार मागे कवटीच्या तळाशी, अशा पोकळ्या असतात. त्यांना सायनस म्हणतात. सर्दी झाल्यावर "सायनसचा त्रास आहे" म्हणतो ते हेच. प्रत्येक सायनसला नाकात उघडणारं एक बारीक भोक असतं, काही मिलिमीटरचं. आतली हवा तिथूनच येते-जाते.

ठिबक वापरणाऱ्याला हे भोक कसं असतं ते चटकन समजेल. नळी मोकळी, पंप चालू, पाण्याला जोर आहे, तरी ड्रिपरच्या तोंडाशी क्षाराचा कण अडकला की त्या झाडाला थेंब मिळत नाही. बाहेरून पाहिलं तर लाइन अगदी ठणठणीत. सायनसचं भोकही तसंच चोंदतं, फक्त क्षाराऐवजी सुजलेल्या अस्तराने, शेंबडाने किंवा गोठलेल्या रक्ताने.

दुसरी गोष्ट भिंतींची. डोळा ज्या खोबणीत बसतो तिचा तळ म्हणजेच गालाच्या सायनसचं छत. खोबणीची आतली, नाकाकडची भिंत काही ठिकाणी अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ असते. खापरावरच्या मांड्याची आठवण यावी इतकी. चेहऱ्यावर ठोसा, चेंडू, फळी किंवा मोटरसायकलचं हँडल बसलं की बाहेरचं जाड हाड कधी कधी वाचतं आणि ही आतली पातळ भिंत तडकते. तडकली की सायनसमध्ये रक्त उतरतं. ते तिथे गोठतं, आणि साफ व्हायला आठवड्यांमागून आठवडे जातात.

'फक्त वीस-पंचवीस फूट तर जायचंय'

हा आक्षेप सगळ्यात जास्त वेळा ऐकला, म्हणून यावर जरा थांबतो.

मोठ्या माणसाच्या गालाच्या सायनसमध्ये साधारण पंधरा मिलिलीटर हवा मावते, म्हणजे तीन चमचे. समजा त्याचं भोक चोंदलंय आणि माणूस पाण्यात उतरला. पाच मीटरवर दाब दीडपट होतो, त्या पंधराचे दहा होतात. दहा मीटरवर साडेसात. वीस मीटरवर पाच. तीस मीटरवर पावणेचारच्या आसपास. आता फरक मोजा. पहिल्या दहा मीटरमध्ये साडेसात मिलिलीटर गेले. पुढच्या दहा मीटरमध्ये फक्त अडीच. त्याच्या पुढच्या दहामध्ये तर जेमतेम सव्वा.

म्हणजे हवेच्या आकारात सगळ्यात मोठी उलथापालथ होते ती वरच्या थरात, जिथे पर्यटकांना नेतात तिथेच. "खोल नाही, उथळच आहे" हे वाक्य बुडण्याच्या भीतीपुरतं दिलासा देणारं असेल. सायनसच्या हिशेबात ते उलटं पडतं. मुरलेले डायव्हर कान आणि सायनस सांभाळतात ते सुरुवातीच्या काही मीटरमध्येच, आणि तेही दोन-दोन, तीन-तीन फुटांवर थांबत.

बरं, हवा आकसली तर आकसू दे, बिघडलं काय? बिघडतं असं की सायनस म्हणजे फुगा नव्हे. तो हाडाच्या पेटीत आहे, पेटी आत ओढली जाऊ शकत नाही. पंधराची जागा तशीच आहे आणि आत हवा उरली दहाची. उरलेली पाचाची जागा शरीर भरून काढतं. आतलं अस्तर सुजून पुढे येतं, त्यातून द्रव पाझरतो, शेवटी बारीक रक्तवाहिन्या फुटून रक्त भरतं. निरोगी माणसालाही सर्दी असताना हे होऊ शकतं. गालात किंवा कपाळात सुई खुपसल्यासारखी कळ येते आणि वर आल्यावर मास्कमध्ये रक्त दिसतं. तीन आठवड्यांपूर्वी तडा गेलेल्या गालात ते अस्तर आधीच फाटलेलं, सुजलेलं असतं. त्याला पुन्हा ओढ बसते.

आणि हा झाला फक्त जाण्याचा अर्धा भाग. येताना उलट होतं. खाली गेल्यावर समजा हवा कशीबशी सायनसमध्ये शिरली आणि मग भोक बंद झालं. वर येताना दाब कमी होतो, तीच हवा फुगते, पण बाहेर पडायला वाट नाही. जाताना दुखलं तर थोडं वर सरकता येतं, बेत रद्द करता येतो. येताना दुखलं तर खाली राहण्याचा पर्याय नसतो, सिलिंडर संपणारच असतो. अशा वेळी फुगणारी हवा कमकुवत जागा शोधते. ताजा तडा असेल तर तीच जागा सापडते. हवा डोळ्याच्या खोबणीत किंवा कातडीखाली घुसते. डोळ्यामागे हवा भरली तर एका वस्तूच्या दोन दिसू शकतात. क्वचित दृष्टीच्या नसेवरच दाब येतो आणि मग प्रश्न नजरेचा होतो.

नाक दाबून फुंकायचं असतं, तिथेच अडतं

चेहऱ्याचं हाड मोडलेल्या पेशंटला डॉक्टर बजावून सांगतात: काही आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून. कारण तेच. शिंकरताना नाकात दाब तयार होतो आणि तड्यातून हवा भलतीकडे जाते.

आता स्कुबाच्या किनाऱ्यावरच्या दहा मिनिटांच्या शिकवणीत पहिली गोष्ट काय शिकवतात? नाक चिमटीत धरा, तोंड मिटा, हळूच फुंका, कान 'टक्' करून मोकळे होतील. सतराव्या-अठराव्या शतकातल्या आंतोनिओ वाल्साल्वा या इटालियन वैद्याच्या नावाने ही युक्ती ओळखली जाते. पाण्यात उतरताना ती पुन्हा पुन्हा करावी लागते. केली नाही तर कानाचा पडदा दुखावतो. केली तर जे करू नका म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय, नेमकं तेच होतं. भाचीला एवढं एकच सांगितलं असतं तरी पुरलं असतं, असं मला नंतर वाटलं. बॉइलचा नियम ऐकताना तिने दोनदा जांभई दिली होती.

पण वरून तर सगळं बरं दिसतंय

कातडी लवकर भरते. चेहऱ्याला रक्तपुरवठा भरपूर, त्यामुळे तिथले टाके पाच-सात दिवसांतच काढतात. पायाचे टाके त्याहून जास्त दिवस ठेवावे लागतात. सूजही आठवड्या-दोन आठवड्यांत उतरते. आरशात पाहणाऱ्याला वाटतं, संपलं. हाड मात्र आपल्या गतीने जुळतं, त्याला साधारण सहा आठवडे लागतात. सायनसचं अस्तर आणि त्यावरचे घाण बाहेर ढकलणारे सूक्ष्म केस पूर्ववत व्हायला कधी त्याहूनही जास्त.

नुसती कातडीची जखम असेल, हाडाला काहीच झालेलं नसेल, तर गोष्ट पुष्कळ सोपी. जखम पूर्ण मिटली, खपली पडली की बहुतेकांना अडचण येत नाही. तोवर मात्र समुद्र टाळावा. खाऱ्या पाण्याने जखम स्वच्छ होते हा आजीबाईंचा समज किनाऱ्याच्या पाण्याला लावू नये, त्यात जखमेतून आत शिरणारे जंतू असतात. शिवाय मास्कची रबरी कड नेमकी कपाळ, गाल आणि नाकाखाली घट्ट बसते, आणि मास्कमधल्या हवेलाही तोच नियम लागू आहे. नाकातून थोडी हवा मास्कमध्ये सोडली नाही तर मास्क चेहऱ्याला तुंबडीसारखा चिकटतो. कोवळ्या व्रणावर तुंबडी लावून पाहावी असं कुणाला वाटेल?

जबड्याला मार लागला असेल तर आणखी एक गोष्ट. रेग्युलेटरचा रबरी भाग सगळा वेळ दातांनी धरून ठेवायचा असतो. जबडा दुखरा असेल, वरचा ओठ बधिर असेल (गालाच्या हाडाच्या फ्रॅक्चरमध्ये तो बरेचदा होतो), दात हलत असेल, तर तो रबरी भाग निसटतो किंवा कडेने पाणी शिरतं. दातांना तारा बांधून जबडा बंद केलेला असताना तर विषयच नाही.

थेंब टाकून, गोळी घेऊन?

नाक मोकळं करणारे थेंब काही तास काम करतात. पाण्यात उतरताना नाक मोकळं, हवा आत गेली, आणि असर उतरायला लागला तेव्हा तुम्ही खाली असलात, तर मघाशी सांगितलेला येतानाचा त्रास ओढवून घेतलात. दुखणं कमी करणाऱ्या गोळीने तर थांबायची सूचना देणारी वेदनाच दबून जाते. काही वेदनाशामकांनी रक्त गोठायला वेळ लागतो, काहींनी झोप येते. दोन्ही पाण्याखाली नकोत.

विमानात बसली की ती, काही झालं नाही

भाचीच्या नवऱ्याने हा मुद्दा काढला. तो इंजिनिअर आहे, त्यामुळे त्याला आकडे दिले की पटतं. विमान कितीही उंच गेलं तरी आतला दाब जमिनीवरच्या साधारण पाऊण पटीच्या खाली जाऊ देत नाहीत. म्हणजे बंद हवा फुगली तर एक तृतीयांशाने. दहा मीटर पाण्यातून वर येताना तीच हवा दुप्पट होते. विमान चाललं म्हणून पाणी चालेल असं होत नाही. उलटं मात्र खरं: विमानालाही डॉक्टरांनी नको म्हटलं असेल तर पाण्याचा विचारसुद्धा नको.

त्याचा दुसरा प्रश्न जास्त चांगला होता. त्याच्या मित्राच्या गालात टायटॅनियमची प्लेट आहे, तो कधीच डायव्हिंग करू शकणार नाही का? करू शकेल. प्लेट आणि स्क्रू भरीव असतात, त्यांत हवा नाही, त्यामुळे दाबाचं त्यांना काही नाही. प्रश्न प्लेटच्या आजूबाजूचं हाड जुळलं का आणि सायनस मोकळा झाला का, एवढाच.

आणि सी वॉक? डोक्यावर मोठं काचेचं हेल्मेट घालून समुद्राच्या तळावर चालायचं. केसही भिजत नाहीत, चष्मासुद्धा घालता येतो, म्हणून लोकांना ते निर्धोक वाटतं. पण हेल्मेटमधली हवा त्या खोलीच्या दाबाचीच असते, नाहीतर खालून पाणी आत शिरलं असतं. कान तिथेही मोकळे करावेच लागतात. त्यामुळे चेहऱ्याच्या हाडापुरता सी वॉक आणि स्कुबा यांत फरक नाही.

मग किती दिवस?

इथे मी हात राखूनच बोलणार, कारण प्रत्येकाची जखम वेगळी. नाकाचं हाड साधं मोडलं असेल तर सहा आठवड्यांच्या आत सहसा कुणी हो म्हणत नाही. गालाचं हाड, डोळ्याची खोबण, सायनसची भिंत यांत तडा असेल किंवा ऑपरेशन झालं असेल तर बरेच डॉक्टर तीन महिन्यांपर्यंतही थांबवतात आणि पुन्हा स्कॅन बघून ठरवतात. डोळ्याचा पडदा सरकल्यामुळे झालेल्या ऑपरेशनमध्ये आत वायूचा बुडबुडा सोडला असेल, तर तो पूर्ण विरेपर्यंत डायव्हिंगही नको आणि विमानही नको. हा नियम अजिबात मोडायचा नसतो, नजर जाऊ शकते.

सगळ्यात गंभीर गट वेगळाच आहे. मार चेहऱ्याला लागतो तेव्हा डोक्यालाही लागलेला असू शकतो. बेशुद्ध पडला होतात का, उलट्या झाल्या का, अपघाताचा काही भाग आठवत नाही का? नाकातून पाण्यासारखा स्वच्छ द्रव गळत होता का? तो द्रव मेंदूभोवतीचा असू शकतो, म्हणजे कवटीच्या तळाला भेग. अशा भेगेतून हवा कवटीत शिरू शकते, आणि तिथे फुगली तर काय होईल हे लिहायला नको. या लोकांनी न्यूरोसर्जनच्या लेखी परवानगीशिवाय पाण्याचं नाव काढू नये.

नियमाने चालणाऱ्या डायव्हिंग केंद्रांवर जो आंतरराष्ट्रीय तब्येतीचा फॉर्म भरून घेतात, त्यात हे प्रश्न असतातच: गेल्या १२ महिन्यांत शस्त्रक्रिया झाली का, गेल्या ५ वर्षांत डोक्याला मार लागून शुद्ध हरपली होती का, सायनसचा त्रास आहे का. एका जरी अशा प्रश्नाला 'हो' आलं तर डॉक्टरांची सही मागतात. सहलीच्या गर्दीत हा कागद नावाला पुढे सरकवतात आणि आपणही सगळीकडे 'नाही' लिहून मोकळे होतो. बरोबर उतरणारा इन्स्ट्रक्टर तुमचा हात धरतो, सिलिंडर बघतो, खुणा करतो. तुमच्या गालाच्या आत काय चाललंय ते त्याला दिसत नाही, त्याला सांगणारा तो कागदच.

डॉक्टरांना विचारायचं ते असं

"मालवणला जाऊ का" असं नको. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे किंवा ज्यांनी जबड्या-चेहऱ्याचे उपचार केले त्यांच्याकडे सीटी स्कॅनची फिल्म घेऊन जा आणि सांगा: मी पाण्याखाली सात-आठ मीटर जाणार आहे, तिथे दाब जवळपास पावणेदोनपट असतो, आणि उतरताना नाक दाबून अनेकदा फुंकावं लागतं. माझा सायनस मोकळा आहे का? तडा भरला का? फुंकलं तर चालेल का? "समुद्र" हा शब्द नाही काढला तरी चालेल, "दाब" आणि "फुंकणं" हे दोन मात्र काढा.

घरी बसून नाक दाबून फुंकून बघायची चाचणी स्वतःहून करू नका. ती डॉक्टरांनी मोकळीक दिल्यानंतरची पायरी आहे.

उतरून झालं असेल आणि आता वाचताय?

मास्कमध्ये थोडं रक्त आलं, गाल जड वाटतोय, पण बाकी ठीक असेल तर पुन्हा उतरू नका आणि परत आल्यावर दाखवा. डोळ्याभोवती अचानक सूज आली, तिथे बोट दाबल्यावर कातडीखाली चुरचुरतंय, दोन दोन दिसतंय, नजर अंधुक झाली, गाल किंवा ओठ बधिर पडला, डोकं सतत ठणकतंय किंवा नाकातून स्वच्छ पाणी गळतंय, यांतलं काहीही असलं तर परतीच्या बसची वाट न बघता तिथेच मोठं हॉस्पिटल गाठा. नाक शिंकरू नका. दुखण्याबरोबर सांधे दुखत असतील, हातापायाला मुंग्या येत असतील किंवा श्वास लागत असेल तर डायव्हिंग केलं होतं हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा.

भाची पुन्हा डॉक्टरांकडे गेली. या वेळी फिल्म घेऊन, वहीच्या पानावर प्रश्न लिहून. डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली, सायनसमधलं रक्त अजून पुरतं गेलं नसणार म्हणाले, आणि "तीन महिन्यांनी स्कॅन करून बघू" असं लिहून दिलं. पैसे बुडाले का? तिचे निम्मे परत मिळाले, नवऱ्याने एकट्याने डुबकी मारली.

मालवणला ती गेलीच. सिंधुदुर्ग किल्ला पाहिला, भल्या सकाळी बोटीतून डॉल्फिन पाहिले, सोलकढी प्यायली आणि आमच्या शेवभाजीपुढे ती कशी फिकी याच्यावर तिथल्या काकूंशी वाद घालून आली. स्नॉर्केलिंगही तिने टाळलं. पृष्ठभागावर नुसतं तोंड बुडवण्यात दाब नसतो, पण मास्कची कड व्रणावर दुखत होती. बनाना बोटीलाही नाही म्हणाली. पुन्हा काहीतरी चेहऱ्यावर आदळायला तिला नको होतं.

निघण्याआधी मी जावईबापूंच्या हातात पाव लिटरची पाण्याची रिकामी बाटली दिली होती, घट्ट बूच लावून. खाली नेऊन एक फोटो काढ आणि बाटली परत आण, एवढंच सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मोबाइलवर फोटो आला. निळ्या-हिरव्या पाण्यात त्याचा हात, आणि हातात दोन्ही बाजूंनी आत चेपलेली, पोट खपाटीला गेलेली बाटली. खाली भाचीने लिहिलं होतं: "मामा, हाऊ मन्हा गाल."